मुंबईच्या प्लेगचा वक्र आणि जीवसंख्येची गणिती प्रतिमाने

इ. स. १९२७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात विल्यम ओगिल्व्ही कर्मॅक आणि अँडरसन ग्रे मॅकेंड्रिक यांचा साथीच्या रोगांच्या गणिती उपपत्तीविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यातील एक आलेख पुढे जगभरच्या पाठ्यपुस्तकांत स्थिरावला. त्याच्या आडव्या अक्षावर आठवडे आहेत, उभ्या अक्षावर मृत्यूंची संख्या आहे. आणि त्यावर मांडलेले बिंदू मुंबई बेटावरील प्लेगच्या साथीचे, १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या एकतीस आठवड्यांचे आहेत. त्या बिंदूंमधून एक घंटाकृती वक्र जातो आणि बहुतेक बिंदू त्याच्या निकट पडतात. परिस्थितिविज्ञानात गणिताचा प्रवेश कसा झाला हे सांगताना या आलेखाचा दाखला नेहमी दिला जातो. तथापि वक्र बिंदूंशी जुळला एवढ्यावरून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. जीवसंख्येच्या गणिती अभ्यासास प्रारंभ करणाऱ्याने प्रथम याच प्रश्नाचा विचार करणे हितावह होय.

१. प्रतिमान म्हणजे काय

प्राण्यांची वा वनस्पतींची संख्या काळानुसार कशी बदलते, हे मोजदादीने कळते. ती तशी का बदलते, हे मोजदाद सांगत नाही. बदलाचे कारण म्हणून काही गृहीते धरावयाची, ती समीकरणांच्या भाषेत लिहावयाची आणि त्यांतून निघणारे निष्कर्ष निरीक्षणाशी ताडून पाहावयाचे, ही गणिती प्रतिमानाची पद्धती होय. माल्थसने १७९८ मध्ये लोकसंख्या भूमितिश्रेणीने वाढते असे प्रतिपादन केले. व्हेरहुल्स्ट या बेल्जियन गणितज्ञाने १८३८ मध्ये त्यात सुधारणा केली : संख्या जसजशी परिसराच्या धारणक्षमतेजवळ येते तसतसा वाढीचा दर मंदावतो, असे त्याने मानले. पुढे लोटका याने १९२५ मध्ये व व्होल्टेरा याने १९२६ मध्ये स्वतंत्रपणे भक्षक आणि भक्ष्य यांच्या परस्परसंबंधाची समीकरणे मांडली. पहिल्या महायुद्धाच्या काळात एड्रियाटिक समुद्रातील मासेमारी घटली असता बाजारात येणाऱ्या माशांत भक्षक माशांचे प्रमाण का वाढले, हा व्होल्टेरापुढील प्रश्न होता.

या सर्व प्रतिमानांचे मर्म एकच आहे. संख्येच्या बदलाचा वेग हा संख्येवरच अवलंबून असतो; किंबहुना एका जातीच्या संख्येचा वेग दुसऱ्या जातीच्या संख्येवरही अवलंबून असतो. रोगजंतू, त्यांना वाहून नेणारा कीटक आणि रोगग्रस्त होणारा प्राणी हीदेखील परस्परांवर अवलंबून असलेल्या जीवांची साखळीच आहे. म्हणून साथीच्या रोगाचे गणित हे परिस्थितिविज्ञानाचेच एक प्रकरण ठरते.

२. कर्मॅक व मॅकेंड्रिक यांची मांडणी

मॅकेंड्रिक हे भारतीय वैद्यकीय सेवेत होते. कसौली येथील पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी अनेक वर्षे काम केले. त्यापूर्वी १९०१ मध्ये ते रोनाल्ड रॉस यांच्याबरोबर सिएरा लिओन येथे मलेरियाच्या मोहिमेवर गेले होते. कर्मॅक हे रसायनशास्त्रज्ञ होते. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतील अपघातात त्यांची दृष्टी कायमची गेली. उपर्युक्त निबंध त्यानंतर तीन वर्षांनी प्रसिद्ध झाला.

त्यांच्या मांडणीचे सर्वांत साधे रूप असे आहे. समाजाचे तीन भाग कल्पावेत : रोग होऊ शकेल असे ग्रहणक्षम (ग), रोग पसरविणारे संसर्गी (स), आणि मृत्यूमुळे वा रोगमुक्त होऊन प्रतिकारक्षम झाल्यामुळे या व्यवहारातून निवृत्त झालेले (न). तेव्हा

ग च्या घटीचा वेग = क × ग × स
स च्या वाढीचा वेग = क × ग × स − म × स
न च्या वाढीचा वेग = म × स

येथे क हा संसर्गाचा दर असून म हा निवृत्तीचा दर आहे. रोगी सरासरी एक आठवडा संसर्गी राहत असेल, तर म चे मूल्य दर आठवड्यास १ होईल. अर्धा आठवडा राहत असेल, तर २ होईल. प्रारंभीच्या ग्रहणक्षमांची संख्या ग० मानल्यास क × ग० ÷ म या राशीस प्रसारगुणांक (प) म्हणता येईल. साथीच्या आरंभी एक रोगी सरासरीने किती नव्या रोग्यांना जन्म देतो, हे ती राशी सांगते.

या तीन ओळींतून जो निष्कर्ष निघतो तो या उपपत्तीचे खरे धन आहे. प हा १ पेक्षा कमी असेल तर साथ पेटतच नाही; अधिक असेल तरच पेटते. शिवाय साथ ओसरण्यासाठी ग्रहणक्षम व्यक्ती पूर्णपणे संपाव्या लागत नाहीत. प चे मूल्य २ असेल तर निम्मे ग्रहणक्षम कमी होताच नव्या रोग्यांची संख्या उतरणीस लागते. रोगजंतूंचे सामर्थ्य क्षीण झाले म्हणून साथ ओसरली, असे मानण्याची जी सर्वसाधारण प्रवृत्ती होती, तिला या सिद्धांताने पर्याय दिला. रॉस यांनीही मलेरियाच्या संदर्भात याच जातीचा निष्कर्ष आधी काढला होता : मलेरिया हटविण्यासाठी प्रत्येक डास मारण्याची आवश्यकता नाही, डासांची संख्या एका मर्यादेखाली ठेवली तरी पुरे. टीकाकारांना जे अशक्य वाटत होते ते गणिताने शक्यतेच्या कक्षेत आणले.

३. मुंबईचे आकडे

मुंबईत प्लेग प्रथम ओळखला गेला तो सप्टेंबर १८९६ मध्ये, मांडवी भागात. तो ओळखणारे डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस होत. त्यानंतर थोड्याच काळात रोग पुण्यास पोहोचला. १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांचा त्याच रोगाने अंत झाला. त्याच वर्षीच्या जून महिन्यात प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. प्लेग हा महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचा भाग झाला तो असा.

शास्त्रीय बाजूही याच भूमीवर उलगडत गेली. हाफकिन यांनी आपली प्रतिबंधक लस जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत प्रथम स्वतःस टोचून घेतली. सिमाँ याने १८९८ मध्ये उंदरांवरील पिसूंद्वारे रोग पसरतो असे प्रतिपादन केले. त्यावर आरंभी फारसा विश्वास बसला नाही. पुढे लिस्टन आणि १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत काम करणारे प्लेग संशोधन मंडळ यांनी या प्रतिपादनास निर्णायक पुरावा दिला. गटारांत राहणारा तपकिरी उंदीर, घरात राहणारा काळा उंदीर आणि मनुष्य यांत रोग क्रमाने, काही दिवसांच्या अंतराने, पसरत जातो, हेही या संशोधनातून दिसून आले. मनुष्यातील साथ ही अशा रीतीने उंदरांतील साथीची छाया होती.

कर्मॅक व मॅकेंड्रिक यांनी मुंबईतील साप्ताहिक मृत्यूंना जे सूत्र लावले ते असे : प्रारंभापासून ट आठवडे झाले असता त्या आठवड्यातील मृत्यू म्हणजे ८९० भागिले (०.२ ट − ३.४) या राशीच्या अपास्तीय कोज्येचा वर्ग. कंसातील राशी १७ व्या आठवड्यास शून्य होते, म्हणून वक्राचे शिखर १९०६ च्या एप्रिलच्या मध्यास येते आणि त्याची उंची आठवड्यास ८९० मृत्यू एवढी भरते. वक्राखालील एकूण क्षेत्र सुमारे ८,९०० मृत्यूंचे आहे. आरंभी मृत्यूंची संख्या आठवड्यास ०.४ या दराने, म्हणजे सुमारे बारा दिवसांत दुप्पट, होत जाते.

४. तीन आकडे आणि चार अज्ञाते

येथे खरा प्रश्न सुरू होतो. सूत्रात तीन आकडे आहेत : ८९०, ०.२ व ३.४. प्रतिमानात अज्ञाते चार आहेत : क, म, प्रारंभीचे ग्रहणक्षम आणि प्रारंभीचे संसर्गी. तीन आकड्यांवरून चार अज्ञाते निश्चित करता येत नाहीत, हे बीजगणिताचा विद्यार्थीही सांगेल. साथ मर्यादित असता लागू पडणाऱ्या सन्निकट उत्तरावरून पुढील दोन संबंध मिळतात :

म × (प − १) = ०.४
२ × ग० × (प − १) ÷ प² = ८,९००

अनेक पाठ्यपुस्तकांत हे प्रतिमान सरळ मनुष्यांच्या समाजाला लावलेले आढळते. तसे केल्यास काय होते ते पाहण्यासारखे आहे. १९०६ च्या गणनेनुसार मुंबई शहराची लोकसंख्या ९,७७,८२२ होती; ती दहा लाख धरून सर्वांस ग्रहणक्षम मानावे. तेव्हा दुसऱ्या संबंधावरून प − १ ची किंमत सुमारे ०.००४५ येते आणि पहिल्या संबंधावरून म ची किंमत आठवड्यास सुमारे ९० येते. याचा अर्थ असा की प्लेगचा रोगी सरासरी दोन तासांहूनही कमी काळ संसर्गी राहतो. हे वैद्यकीय दृष्ट्या असंभाव्य आहे. उलट, रोगी एक आठवडा संसर्गी राहतो असे मानले तर प ची किंमत १.४ येते, पण मग दहा लाखांच्या शहरात ग्रहणक्षम माणसे वीस हजारांच्या आसपासच होती, असे म्हणावे लागते. उरलेले लोक रोगापासून मुक्त का होते, याचे उत्तर प्रतिमानात नाही. वक्र दोन्ही परिस्थितींत सारखाच जुळतो.

मूळ लेखकांवर मात्र हा आक्षेप येत नाही. मनुष्यांतील प्लेग हे उंदरांतील प्लेगचे प्रतिबिंब आहे असे मानूनच त्यांनी समीकरणे लावली होती. आणि त्यासाठी कोणती गृहीते धरावी लागली हेही त्यांनी नमूद केले होते. सर्व निरोगी उंदीर सारखेच ग्रहणक्षम असावेत, बेटावरील प्रत्येक उंदरास संसर्गाची संधी सारखी असावी, आजाराच्या संपूर्ण काळात संसर्गाचे व मृत्यूचे दर स्थिर असावेत, प्रत्येक आजारी उंदीर मरावा किंवा प्रतिकारक्षम व्हावा, आणि पिसवा इतक्या विपुल असाव्यात की रोग जणू प्रत्यक्ष स्पर्शाने पसरतो असे मानता यावे. यांपैकी एकही गृहीत काटेकोरपणे खरे नाही, आणि म्हणून समीकरणातील स्थिरांकांच्या प्रत्यक्ष मूल्यांविषयी निष्कर्ष काढू नयेत, असे त्यांनी बजावले होते. आलेख पाठ्यपुस्तकांत गेला. इशारा मूळ निबंधातच राहिला.

उंदरांचा विचार केला की अज्ञाते आणखी वाढतात. एका मनुष्याच्या मृत्यूमागे किती उंदीर मेले, हे माहीत नसल्याने दुसरा संबंध निरुपयोगी होतो. केवळ पहिला उरतो. आता आजारी उंदीर अर्धा आठवडा संसर्गी राहतो असे मानल्यास प = १.२, एक आठवडा मानल्यास प = १.४, आणि दोन आठवडे मानल्यास प = १.८. हा भेद केवळ तात्त्विक नाही. साथ पेटू नये म्हणून ग्रहणक्षमांचा किती अंश कमी करावा लागेल, हे १ − १/प या राशीने ठरते. पहिल्या कल्पनेनुसार उंदरांचा सहावा हिस्सा कमी केला तरी पुरे. तिसऱ्या कल्पनेनुसार शंभरांतील चव्वेचाळीस कमी करावे लागतील. नगरपालिकेने उंदीर पकडण्यासाठी किती माणसे नेमावीत, या प्रश्नाची दोन अत्यंत भिन्न उत्तरे एकाच वक्रातून निघतात. शिवाय पिसवा शिल्लक ठेवून केवळ उंदीर मारले तर आश्रय हरपलेल्या पिसवा मनुष्याकडे वळतात. हा धोका तर तीन ओळींच्या प्रतिमानात दिसूच शकत नाही, कारण त्यात पिसवांना स्थानच नाही.

५. ऋतूचा पक्ष

आणखी एक आक्षेप अधिक मूलगामी आहे. या प्रतिमानात साथ ओसरते ती ग्रहणक्षम कमी झाल्यामुळे. पण मुंबईत प्लेग एकदाच येऊन गेला नाही. तो वर्षानुवर्षे येत राहिला. हिवाळ्यात तो बळावे, वसंत ऋतूत शिखरास पोहोचे आणि पावसाळ्याच्या तोंडी मंदावे. दरवर्षी ठरावीक महिन्यांत होणाऱ्या या चढउतारांचे कारण केवळ ग्रहणक्षमांच्या ऱ्हासात शोधणे कठीण आहे. बॅकट व मार्टिन यांनी १९१४ मध्ये दाखविले की प्लेगचे जंतू पिसूच्या अन्नमार्गात साचून तो तुंबतो. उपाशी पिसू वारंवार चावते आणि तुंबलेले रक्त जंतूंसह परत जखमेत ओतते. हवा फार तापली की ही क्रिया मंदावते. म्हणजे क हा दर स्थिर नसून ऋतूनुसार बदलणारा आहे.

निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञाने २०१२ मध्ये मुंबईच्या याच साथीचा पुनर्विचार केला. उंदीर, पिसवा, मनुष्य व ऋतुमान या सर्वांना स्थान देणारे प्रतिमान त्याने मांडले आणि ऋतूंचा प्रभाव लक्षात न घेता या साथीचे स्पष्टीकरण देणे कसे अपुरे आहे हे दाखविले. याचा अर्थ ग्रहणक्षमांचा ऱ्हास अगदीच नगण्य होता असा नव्हे. प्लेगची वारंवार झळ लागलेल्या मुंबईतील उंदीर, प्लेगमुक्त मद्रासमधील उंदरांच्या मानाने रोगास अधिक प्रतिकार करीत, असे त्या काळच्या प्रयोगांत आढळले होते. दोन्ही कारणे एकत्र काम करीत असावीत. त्यांतील प्रत्येकाचा वाटा किती, हे एका मोसमाच्या मृत्युसंख्येवरून ठरत नाही. त्यासाठी उंदरांची मोजदाद, प्रत्येक उंदरावरील पिसवांची सरासरी, तापमान, आणि अनेक वर्षांचे आकडे एकत्र हवेत.

ही चर्चा केवळ इतिहासजमा विषयाची नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर पडक्या, सोडून दिलेल्या घरांत साठलेल्या धान्यावर उंदरांची संख्या वाढली, आणि १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला येथे ग्रंथिक प्लेगचे रोगी आढळले. मनुष्याच्या जीवनातील उलथापालथ, धान्य, उंदीर, पिसू, जंतू आणि पुन्हा मनुष्य, हे चक्र त्या घटनेत स्पष्ट दिसते.

६. बंदिस्त समाजाचे गृहीत : विश्रांतवाडीचे उदाहरण

वरील सर्व विवेचनात एक गृहीत न बोलता मान्य केले गेले आहे, ते म्हणजे समाज बंदिस्त आहे. मुंबई बेटाच्या बाबतीत ते काही अंशी क्षम्य होते. निदान उंदरांच्या दृष्टीने समुद्र ही सीमाच होती. पण आजच्या अभ्यासकापुढील क्षेत्र बहुधा बेट नसते. पुण्याच्या ईशान्येस आळंदी रस्त्यावर वसलेली विश्रांतवाडी हे उदाहरण घ्यावे. एके काळच्या वाडीचे आता दाट वस्तीच्या उपनगरात रूपांतर झाले आहे. धानोरी, कळस, येरवडा यांच्यापासून तिला वेगळे करणारी नैसर्गिक सीमा नाही. लोहगावचा विमानतळ जवळच आहे. आणि दरवर्षी ज्येष्ठ वद्यात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून पुण्यास जाताना याच मार्गाने असंख्य वारकरी जातात.

अशा ठिकाणी डेंग्यूच्या डासाच्या, म्हणजे एडीस इजिप्तीच्या, संख्येचे प्रतिमान रचावयाचे आहे असे समजावे. हा डास घरातील व घराभोवतीच्या साठविलेल्या पाण्यात वाढतो आणि सामान्यतः काही शे मीटरांपलीकडे जात नाही. म्हणून डासांच्या दृष्टीने एखादी गल्ली हे जवळजवळ बंदिस्त क्षेत्र आहे. रोगाच्या दृष्टीने मात्र तसे नाही, कारण विषाणू घेऊन रोज कामास जाणारा मनुष्य संपूर्ण शहर ओलांडतो. एकाच प्रतिमानात डासासाठी एक मोजपट्टी आणि मनुष्यासाठी दुसरी वापरावी लागते. येथे क, म यांसारखे दर पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर एकच राहतील असे मानणे म्हणजे मुंबईच्या वक्राच्या वाचनातील चूक पुन्हा करणे होय. आळ्या असलेल्या घरांचे व पिंपांचे प्रमाण दर आठवड्यास मोजणे, पाऊस व तापमान यांची नोंद ठेवणे, आणि रोग्याची लागण कोठे झाली असावी याचा शोध घेणे, ही तीन कामे समीकरण लिहिण्याआधीची आहेत.

७. कसोटी कोणती

मुंबईच्या वक्रावरून प्रतिमानांच्या परीक्षेचे काही नियम निष्पन्न होतात. पहिला असा की निरीक्षणांतून जितके स्वतंत्र आकडे मिळतात त्यांपेक्षा अधिक अज्ञाते असतील, तर वक्राचे जुळणे हा कोणत्याही एका कारणाचा पुरावा नव्हे. दुसरा असा की प्रतिमानातील प्रत्येक स्थिरांकास जीवशास्त्रीय अर्थ असल्याने त्याचे मूल्य स्वतंत्र प्रयोगाने पडताळता आले पाहिजे. दोन तास संसर्गी राहणारा रोगी हा गणिताच्या नव्हे, जीवशास्त्राच्या न्यायालयात नापास होतो. तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा : ज्या आकड्यांवरून प्रतिमान बसविले त्यांखेरीज दुसऱ्या एखाद्या राशीविषयी त्याने आधी भाकीत केले पाहिजे, आणि ते चुकण्याची शक्यता खरीखुरी असली पाहिजे. मनुष्याच्या मृत्यूंवरून बसविलेल्या प्रतिमानाने मृत उंदरांच्या संख्येचे शिखर कोणत्या आठवड्यात येईल ते सांगावे. किंवा या वर्षीच्या आकड्यांवरून पुढील वर्षाची साथ कोणत्या महिन्यात येईल ते सांगावे. तीन ओळींचे प्रतिमान या दुसऱ्या परीक्षेत टिकत नाही, कारण त्याच्या जगात ऋतूच नाहीत.

एवढ्यावरून साधी प्रतिमाने टाकाऊ ठरत नाहीत. साथ पेटण्यास ग्रहणक्षमांची किमान संख्या लागते आणि ते सर्व संपण्यापूर्वीच साथ ओसरू शकते, हा सिद्धांत कोणत्याही एका वक्राच्या आधारावर उभा नाही. तो गृहीतांतून तर्काने निघतो, आणि लसीकरणाच्या आधुनिक विचाराचा पाया तोच आहे. साध्या प्रतिमानाचे कार्य कोणते प्रश्न विचारावेत हे शिकविण्याचे आहे. स्थानिक प्रश्नांची आकड्यांत उत्तरे देण्याचे काम त्या स्थानाच्या जीवशास्त्राची भर घातल्यावरच त्याच्याकडून घेता येते. कर्मॅक व मॅकेंड्रिक यांना हा भेद पूर्ण ठाऊक होता. त्यांचा आलेख वर्गात शिकविताना त्याखालचा त्यांचा इशाराही शिकविला जावा, एवढीच अपेक्षा आहे. उंदीर किती कमी करावेत, किंवा आज कोणत्या गल्लीतील पिंपे आधी रिकामी करावीत, असे निर्णय ज्या आकड्यांवर घेतले जातात त्यांचा भरवसा त्या इशाऱ्याच्या पालनावरच अवलंबून आहे.